पाच मिनिटं, एक पेन आणि आपलंच थोबाड: शाईतलं झटपट सेल्फ पोर्ट्रेट कसं काढायचं

शाळेत चित्रकलेच्या तासाला माझं पेन्सिलीपेक्षा खोडरबर जास्त झिजायचं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटची तयारी सुरू झाली की तर विचारूच नका, डोळा काढला की खोड, नाक काढलं की खोड, शेवटी कागदाचा भुगा व्हायचा आणि चेहरा काही व्हायचा नाही. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं मी झाडं काढली, देवळं काढली, रिक्षा काढल्या, पण माणसाचं तोंड म्हटलं की पळ काढला. ही भीती गेली ती एका रात्री पेन्सिल सापडेना म्हणून. साधं जेल पेन घेतलं, लाईटबिलाची पाठ घेतली आणि कपाटाच्या आरशात बघून स्वतःचा चेहरा काढला, चारेक मिनिटं लागली असतील. एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर गेला, कान काढायचाच राहिला, पण आठ तास ऑफिसात बसून, उभ्याने लोकल करून घरी आलेला माणूस म्हणजे हाच, हे त्या कागदावर सरळ सरळ दिसत होतं. ते मी ठरवून काढलंच नव्हतं! हाताने आपोआप काढलं होतं.

तेव्हापासून हा नाद लागला. आणि लोक विचारतात की नेमकं करायचं कसं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी काही आर्ट स्कूलचा नाही, त्यामुळे शास्त्र कमी आणि अनुभव जास्त असं धरून चाला.

आधी शाईच का, हे सांगतो

पेन्सिलीत आपण रेघेशी वाटाघाटी करत बसतो. आधी फिकट ओढतो, मग गडद करतो, नाही पटलं तर पुसतो. शाईत रेघ पडली की पडली. आता गंमत अशी की हात थांबला तिथे शाईचा ठिपका जमतो, घाई केली तिथे रेघ बारीक होते, भीत भीत ओढली तर थरथरते, म्हणजे काढणाऱ्याची त्या क्षणाची अवस्था कागदावर नोंदली जाते आणि पुसताही येत नाही. दुसऱ्याचं चित्र काढताना ही नोंद बाजूला पडते, पण स्वतःचंच काढताना चेहराही आपला आणि रेघही आपली. चेहऱ्यावर दमलेपण असेल तर रेघेतही असतंच. म्हणून वाकड्यातिकड्या झटपट स्केचमध्येही जो जिवंतपणा येतो तो तीन तास घोटलेल्या पेन्सिल पोर्ट्रेटमध्ये कित्येकदा येत नाही.

हे काही आजचं नाही. जर्मनीतल्या ड्यूरर या चित्रकाराने १४८४ मध्ये, वय वर्षं १३, आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं, चांदीच्या टोकाच्या लेखणीने, आणि तीही अशी की रेघ पुसता येत नाही. पुढे १४९३ च्या सुमाराला त्याने शाईत एका कागदावर स्वतःचा चेहरा, शेजारी एक हात आणि खाली चक्क एक उशी काढली. कागद उलटला की मागे आणखी सहा उशा, प्रत्येक वेगळी चुरगळलेली! मला हा कागद फार आवडतो कारण त्यात चेहऱ्याला काही खास मान नाहीये, चेहरा, हात, उशी सगळं एकाच कुतूहलाने बघितलंय. स्वतःचं तोंडही उशीसारखंच बघायचं, सुरकुत्या कुठे, फुगलंय कुठे, दबलंय कुठे, इतकं जमलं की अर्धं काम झालं.

सामान

फार लागत नाही आणि महागातलं तर अजिबात लागत नाही. तरी थोडं बोलू.

जेल पेन किंवा बॉलपेन: घरात असतंच. बॉलपेनमध्ये दाब कमी करून पेन्सिलीसारखी फिकट रेघ काढता येते, हा फायदाही आहे आणि तोटाही, कारण माणूस परत घाबरत घाबरत केसाळ रेघा मारायला लागतो. सुरुवातीला मी तरी जेल पेनच सांगीन, एकच जाडी, एकच काळेपणा, पळवाट नाही.

फाउंटन पेन: माझं लाडकं. निब जरा दाबलं की रेघ जाड, आणि साधी फाउंटन पेनची शाई पाण्यात विरघळते, त्यामुळे नंतर ओल्या ब्रशने सावली पसरवता येते (त्यावर खाली बोलतो). फक्त एक लक्षात ठेवा, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक किंवा इंडियन इंक म्हणून बाटली मिळते ती फाउंटन पेनात चुकूनही भरू नका, तिच्यात बहुधा लाखेसारखा पदार्थ असतो तो आत सुकून पेनाचा जीव घेतो. एक चांगलं पेन असं मी मारलंय. ती शाई टाकासाठी (म्हणजे दौतीत बुडवून लिहायच्या लेखणीसाठी), ब्रशसाठी किंवा काडीसाठी.

ब्रश पेन: केसांसाठी आणि मोठ्या काळ्या भागांसाठी झकास, पण पहिल्या दिवशी नको, हात सुटतो.

आणि बोरू. हो, तोच, ज्याने आपल्याकडे मोडीची दफ्तरंच्या दफ्तरं लिहिली गेली. बोरू तिरका छाटायचा, टोक चपटं करायचं, मधे एक चीर द्यायची, झाली लेखणी. डच चित्रकार रेम्ब्रांट असल्याच लेखणीने काढायचा आणि दुसरा डच चित्रकार व्हॅन गॉग याने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लला तिथलेच बोरू कापून ढिगाने चित्रं काढली. म्हणजे आपल्या कारकुनाच्या कानावरचं हत्यार आणि त्यांचं हत्यार एकच. बोरू मिळाला नाही तर अगरबत्तीची जळून उरलेली काडी घ्या, टोक दाताने थोडं चावून चपटं करा, शाईत बुडवा. हसू नका, फार सुंदर रेघ येते. सुरुवातीला ओली, काळीभोर आणि शेवटी कोरडी, खरखरीत. एका बुडवणीत एक भुवई आणि जेमतेम एक डोळा होतो, मग परत बुडवायला हात दौतीकडे जातो आणि त्या दोन सेकंदांत तुम्ही आपोआप परत आरशात बघता. ही सक्तीची विश्रांती मला तरी फार उपयोगी पडते.

शाईबद्दल एकच. काजळीची म्हणजे कार्बनची शाई उन्हाने उडत नाही, आपल्या जुन्या पोथ्या अजून काळ्याकुट्ट दिसतात त्या त्यामुळेच. साध्या पेनची रंगाची शाई उजेडात हळूहळू फिकटते. भिंतीवर लावायचं असेल तर विचार करा, वहीत ठेवायचं असेल तर काही फरक पडत नाही. (अवांतर: गिरगावात १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकरांनी घोडा छाप शाईच्या पुड्या करायला सुरुवात केली आणि तिचं पुढे कॅमलिन झालं. आपण सगळे त्या शाईचेच वारस.)

कागद: झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) कागद चालतो, फक्त फाउंटन पेनची शाई त्याच्यावर फुटते, रेघेला मिशा येतात. १२० च्या आसपासचा गुळगुळीत स्केचबुकचा कागद असेल तर उत्तम. पाणी फिरवणार असाल तर २०० च्या पुढचा. पण खरं सांगू, चांगला कागद घेतला की माणूस चांगलं चित्र काढायला बघतो आणि तिथेच गाडी अडते. पहिली पन्नास चित्रं बिलांच्या पाठीवर, लग्नपत्रिकांच्या मागे, मुलांच्या उरलेल्या वह्यांत काढा.

आरसा, फोन नको

सेल्फी काढून तिच्यावरून काढायचा मोह होतो, पण नको. एक तर हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात, एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा साधारण ३० टक्के रुंद येतं. आणि दुसरं म्हणजे फोटो हलत नाही. आरशातला माणूस हलतो, श्वास घेतो, कंटाळतो, तुम्ही त्याच्या मागे धावता, आणि ही धावपळच रेघेत उतरते.

आरसा असा ठेवा की मान न हलवता नुसती नजर खालीवर करून कागद आणि चेहरा दोन्ही दिसतील. उजव्या हाताने काढत असाल तर आरसा किंचित डावीकडे, म्हणजे हात मधे येत नाही. अंतर दोनेक फूट. बाथरूमच्या आरशासमोर उभं राहून काढू नका, पाच मिनिटांत पाठ बोलायला लागते आणि चित्रात तीच दिसते.

उजेड एका बाजूने हवा. खिडकी असेल तर तिला खांदा देऊन बसा, रात्री असेल तर टेबललॅम्प डावी-उजवीकडे कुठेतरी, डोळ्यांपेक्षा थोडा वर, आणि छताची ट्यूबलाईट बंद. ट्यूबलाईटमध्ये चेहऱ्याला सावलीच पडत नाही, पिठाच्या गोळ्यासारखा दिसतो आणि मग शाईने करायचं काय? सावली असेल तरच काळं कुठे भरायचं ते कळतं.

बसण्याआधी एक प्रयोग

हा एकदा करून बघाच. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते ना, तेव्हा एक डोळा मिटून बोटाने आपल्या डोक्याची बाह्यरेषा आरशावर ओढा, वरपासून हनुवटीपर्यंत. मग ती मोजा. डोक्याची उंची २२ सेंमी असेल तर आरशावर भरते बरोबर ११. जवळ जा, लांब जा, अर्धीच. आपलं डोकं आरशात एवढंसं दिसतंय हे रोज दाढी करणाऱ्याला, रोज वेणी घालणारीला कळलेलंच नसतं, कारण मेंदू बघत नाही, तो माहिती भरतो. हाच मेंदू चित्र काढताना सांगतो की डोळे महत्त्वाचे आहेत म्हणून मोठे काढ आणि कपाळावर काही नाही म्हणून छोटं काढ. तो खोटं बोलतोय हे एकदा बोटाने अनुभवलं की पुढे त्याचं ऐकताना माणूस दोनदा विचार करतो.

हात सैल करायला दोन मिनिटं

पहिला कागद वाया घालवायचाच आहे असं धरून घ्या. पेन कागदावर टेकवा, नजर आरशावर ठेवा आणि कागदाकडे अजिबात न बघता, पेन न उचलता, चेहऱ्याच्या कडेवरून मुंगी चालल्यासारखं सावकाश काढा. डोळा गालावर जाईल, ओठ कपाळावर जातील, घरातलं कुणी बघून हसेल. हसू दे. पण त्या भुताटकीतल्या एखाद्या नाकपुडीची रेघ नीट बघा, इतकी अचूक रेघ तुम्ही कागदाकडे बघून आयुष्यात काढली नसेल.

आता खरी पाच मिनिटं

मोबाईलवर ५ मिनिटांचा टायमर लावा आणि फोन पालथा ठेवा.

पहिलं अर्धं मिनिट पेन हातात घ्यायचंच नाही, नुसतं बघायचं. तीन गोष्टी ठरवायच्या. डोकं कुठे कललंय, सगळ्यात काळा भाग कुठला, आणि आज या चेहऱ्यावर काय आहे. 'आज' महत्त्वाचं. रोज नाक तेच असतं, पण आज डोळ्यांखाली सूज असेल, आज दाढी वाढली असेल, आज कपाळावर आठी असेल. ती एक गोष्ट सोडायची नाही, बाकी काही सुटलं तरी चालेल.

मग कागदावर चार-पाच बारीक ठिपके द्या. डोक्याचा वरचा टोक, हनुवटी, दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे, नाकाचा खालचा बिंदू. रेघा नाही, ठिपकेच, ते नंतर चित्रात विरून जातात. इथे एकच माप पाठ ठेवा, डोळे डोक्याच्या मध्यावर असतात, बरोबर अर्ध्यात. नवशिक्या माणूस हमखास वर काढतो कारण केसांखाली कवटी आहे हे विसरतो. बाकीची मापं, म्हणजे डोक्याच्या रुंदीत साधारण पाच डोळे बसतात, कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत, दोन ओठांमधली फट नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंतच्या साधारण एक तृतीयांशावर, ही पुस्तकी आहेत, चुकलं की आठवायची, आधी नाही. ज्यांच्या कपाळावर टिकली आहे त्यांना तर देवानेच खूण दिलीये. टिकली, नाकाचा शेंडा, हनुवटी हे तीन ठिपके जोडणारी तिरकी ओळ डोळ्यासमोर आणा, डोकं किती कललंय ते लगेच कळतं.

सुरुवात मी सावलीच्या बाजूच्या भुवईपासून करतो. भुवईतून निघायचं, तसंच खाली नाकाच्या कडेला उतरायचं, नाकपुडीला वळसा घालायचा, एका दमात. ही पूर्ण चित्राची कणा असलेली रेघ आहे, ती धीटपणे मारा, थोडी चुकली तरी. नाकाची उजेडाकडची बाजू काढायचीच नाही! दोन्हीकडून रेघा मारल्या की नाक भिंतीवर चिकटवलेल्या नळासारखं दिसतं.

मग डोळे. वरची पापणी जाड, कारण तिची सावली बुबुळावर पडते. खालची पापणी जवळजवळ नाहीच, कोपऱ्यात एखादी बारीक रेघ. बुबुळ पूर्ण गोल काढू नका, वरचा थोडा भाग पापणीखाली गेलेला असतो, पूर्ण गोल काढलं की माणूस घाबरलेला दिसतो. आणि उजेडाचा ठिपका कोरा सोडा, शाईत तो नंतर आणता येत नाही.

ओठांची बाह्यरेषा विसरून जा. दोन ओठांच्या मधली जी काळी फट असते तीच काढा, तिच्या चढउतारात सगळा मूड असतो, आणि मग खालच्या ओठाच्या खाली एक छोटीशी सावलीची रेघ. संपलं. दात दिसत असतील तर दातांमध्ये रेघा मारायच्या नाहीत, मारल्या की हार्मोनियम झालाच म्हणून समजा.

जबड्याची एक बाजू काढा, दुसरी सोडा किंवा तुटक काढा, बघणाऱ्याचा डोळा ती जोडून घेतो. गळ्याच्या दोन रेघा, कॉलर किंवा पदराची एक. केस म्हणजे केस नव्हेत, तो एक मोठा आकार आहे, आधी त्याची कपाळाला भिडणारी कड बघा, ती ओळखीची असते, प्रत्येकाची वेगळी. केसांतला चकाकणारा पट्टा कोरा ठेवून बाकी भरून टाका. टक्कल असेल तर नशीबवान आहात, एक सलग रेघ आणि वर उजेडाला जागा.

शेवटचं मिनिट काळं भरायला. केस, हनुवटीखालचा गळा, नाकपुडी, डोळ्यांचा खोबणीकडचा कोपरा. सावलीसाठी रेघा मारायच्या असतील तर एकाच दिशेने मारा, गालाच्या गोलाईवरून वळवत बसायला पाच मिनिटांत वेळ नाही आणि अर्धवट वळवलेल्या रेघा मच्छरदाणीसारख्या दिसतात. टायमर वाजला की पेन खाली. खरंच खाली. सहाव्या मिनिटात आपण चित्र सुधारतो असं वाटतं आणि ते मरतं, माझी निम्मी चित्रं सहाव्या मिनिटात मेलीयेत.

चष्मा आणि सावळा रंग, दोन नेहमीच्या अडचणी

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून बसू नये. एक तर दिसणार नाही, आणि दुसरं चष्मा म्हणजे चेहऱ्यावर आयती बसवलेली फूटपट्टी आहे, डोळे कुठे, भुवया कुठे, कान कुठे, सगळं तिच्यावरून ठरतं. फ्रेम पूर्ण रेखू नका, वरची कड जाड, खालची तुटक. मायनस नंबर असेल तर एक मजा बघा, भिंगातून दिसणारी गालाची कड बाहेरच्या कडेपेक्षा आत सरकलेली दिसते, पायरी पडल्यासारखी. ती पायरी काढली की बघणारा लगेच म्हणतो, अरे हा तूच.

सावळ्या माणसाने, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी, पूर्ण चेहऱ्यावर रेघांची जाळी टाकायची नसते. कागदाचा पांढरा म्हणजे गोरा रंग असं काही नाही, तो उजेड आहे. सावळ्या त्वचेवर उजेड उलट जास्त ठळक चमकतो, कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर. त्या तीन जागा कोऱ्या ठेवा आणि सावलीची बाजू धाडसाने काळी करा. तेवढ्याने रंग येतो.

थुंकीचं तंत्र

फाउंटन पेनने काढलं असेल तर ओला ब्रश घ्या, नाहीतर सरळ बोट जिभेला लावा, आणि सावलीकडच्या रेघेवरून फिरवा. शाई विरघळून राखाडी सावली पसरते. काही काळ्या शायांतून निळा किंवा जांभळा बाहेर पडतो कारण ती काळी शाई मुळात दोन-तीन रंग मिसळूनच केलेली असते. पाणी कमी, जागा मोजक्या, गळा आणि डोळ्यांखाली पुरे. वॉटरप्रूफ शाईवर हे चालत नाही, तिथे दौतीतल्या शाईत पाणी घालून वेगळी फिकट शाई करा.

चुकलं की काय

चुकणारच. डोळा वर गेला तर योग्य जागी दुसरी रेघ मारा, जास्त धीट. पहिली राहू द्या. बघणारा धीट रेघच धरतो आणि पहिली फिकट चूक सावलीसारखी मागे राहते, कधीकधी तिच्यामुळे चेहरा हलल्यासारखा वाटतो आणि ते फार छान दिसतं. व्हाइटनर लावू नका, चेहऱ्यावर प्लास्टर लावल्यासारखं दिसतं. रवींद्रनाथ टागोरांचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं, कवितेच्या हस्तलिखितात जे खोडायचं ते ते रेघांनी एकमेकांना जोडत जायचे, त्यातून पक्षी आणि चित्रविचित्र प्राणी निघायचे, आणि साठी उलटल्यावर त्यातूनच ते चित्रकार झाले, १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शन भरलं. शाईत स्वतःचे चेहरेही त्यांनी काढले. खाडाखोडीतून सुरुवात झालेला माणूस!

सगळ्याच चित्रांत मी रागावलेला का दिसतो?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कारण आरशात टक लावून बघणारा माणूस रागावलेलाच दिसतो. भुवया जवळ येतात, ओठ मिटतात, त्यात सावली बघायला डोळे किलकिले केले की समोरचाही किलकिले करतो, करणार काय. दोन उपाय. एक, तोंडभर भाव आणा, मुद्दाम. रेम्ब्रांटने १६३० मध्ये, वयाच्या २३-२४ व्या वर्षी, आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करून, डोळे विस्फारून, दात काढून, आठ्या घालून छोट्या छोट्या तांब्याच्या पत्र्यांवर स्वतःचे चेहरे कोरले, त्यातले काही जेमतेम पाच सेंटीमीटरचे. नंतर रंगवायच्या चित्रांतल्या लोकांचे चेहरे त्याला त्यातूनच सापडत होते असं मला वाटतं. तसं करा, दरवाजा लावून घ्या आणि एकेका मिनिटात एकेक तोंड, एका कागदावर सहा. आश्चर्यात भुवया वर जातात तेव्हा कपाळावर आडव्या रेघा किती पडतात, हसताना डोळे खालून कसे ढकलले जातात, हे एका बैठकीत कळतं.

दुसरा उपाय म्हणजे नजर खाली असताना काढा. आरसा टेबलावर आडवा ठेवून वरून डोकावा किंवा रात्री लोकलच्या काळ्या खिडकीत बघून काढा. खिडकीतला चेहरा निम्माच दिसतो, डोळ्यांच्या जागी बाहेरचे दिवे पळतात, स्टेशन आलं की चेहराच पुसला जातो आणि गाडी सुटली की परत येतो. तेवढ्या वेळात जेवढं मिळालं तेवढं. माझं सगळ्यात बरं चित्र असंच झालंय, नाक आणि एक कान एवढंच आहे त्यात.

महिनाभर रोज एक असं केलंत तर प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि आरसा कुठला ते लिहा. फाडू नका, अगदी घाणेरडं झालं तरी. व्हॅन गॉगला मॉडेल मिळत नव्हतं म्हणून त्याने मुद्दाम एक बरासा आरसा विकत घेतला होता, आपल्याकडे आरसाही आहे आणि मॉडेलही फुकट आहे, निमित्त सांगायला जागा नाही.

आणि एक शेवटचं. घरच्यांना दाखवलं की ते म्हणतात, छान आहे पण तुझ्यासारखं नाही दिसत. तुम्हाला मात्र हुबेहूब वाटत असतं. यात दोघंही खरे असतात. तुम्ही आरशातला उलटा चेहरा काढलाय, भांग दुसऱ्या बाजूला, गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला, आणि तो उलटा चेहरा जगात फक्त तुम्हीच रोज बघता. उपाय सोपा आहे, पातळ कागद असेल तर तो पालथा करून दिव्यासमोर धरा, शाई आरपार दिसते. मी आईला तसं धरून दाखवलं. तिने चष्मा वर सरकवून बघितलं, म्हणाली, "हां, आता तू. ते केस काप आधी."